धारदार परीक्षण

आजवर मी पुष्कळ परीक्षणं लिहिली. ती सगळी पुस्तकांची होती आणि त्यांतल्या फारच थोड्या पुस्तकांना धार होती. त्यामुळे परीक्षण करताना मला कधी इजा झाली नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या आठ वर्षांच्या नातीने जेवता जेवता जाहीर केलं, "आजोबा, मला चाकू पाहिजे."

"कशाला गं?"

"माझा पाहिजे."

मागणीचं इतकं निःसंदिग्ध समर्थन मी कुठल्याही प्रस्तावनेत वाचलेलं नाही. घरातल्या इतर समीक्षकांना मात्र ते पुरेना. सौ. म्हणाली, "अहो, पोरीच्या हातात चाकू काय?" सूनबाई म्हणाली, "बाबा, तिला अजून डाव्या-उजव्या पायाची चप्पल कळत नाही." चिरंजीव त्याच आठवड्यात कचेरीच्या कामासाठी जिनिव्हाला निघाले होते. ते नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाले आणि येताना एक सोडून दोन चाकू घेऊन आले. मग मीही हौसेने बाजारातून तिसरा आणला. आता या तिन्हींतला कुठला द्यायचा, आणि मुळात द्यायचा का, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण, "तुम्ही परीक्षणं लिहायचात ना?"

परीक्षणाच्या आरंभी परंपरेचा आढावा घ्यावा. तो नीट घेतला की पुस्तक वाचलं नाही तरी चालतं. तेव्हा परंपरा.

आपल्याकडे या विषयावरचं सर्वांत गाजलेलं मत राजकुमारचं. 1965 सालच्या 'वक्त'मध्ये, समोरच्याच्या हातातल्या चाकूकडे बघत, ही मुलांच्या खेळण्याची वस्तू नव्हे, हात कापतो, अशा अर्थाचं काहीतरी त्याने संथपणे ऐकवलं, आणि तेव्हापासून समस्त आयांनी ते प्रमाण मानलं. वास्तविक ज्याला ऐकवलं तो मदन पुरी होता. त्याचं वय काही आठ नव्हतं. पण हिंदी सिनेमाने चाकू म्हणजे खटकन उघडणारा रामपुरी, हे आपल्या मनात इतकं पक्कं केलं आहे, की नातीने 'चाकू' म्हटल्याबरोबर सौ.च्या डोळ्यांसमोर गळ्यात रुमाल बांधलेला एक मनुष्य उभा राहिला. नात त्याच्या पाठीमागे कुठेतरी झाकली गेली.

आपली खरी परंपरा निराळीच आहे. पाचवीच्या पूजेत विळा-कोयता मांडणारे आपण. मुलाला वाईट स्वप्नं पडतात म्हणून त्याच्या उशाखाली चाकू सरकवणारेही आपणच. म्हणजे तान्ह्याच्या उशाशी चाकू चालतो, आठव्या वर्षी खिशात चालत नाही! विळीचं म्हणाल तर रांगतं पोर आणि तिचं उभं पातं यांच्यामध्ये आजीच्या एका "हां!"पलीकडे दुसरं कुंपण नसे. शाळेत पेन्सिलीला टोक करायला आम्हांला दाढीचं अर्धं ब्लेड मिळायचं. त्याला मूठ नाही, म्यान नाही, काही नाही. आमच्या आधीच्या पिढ्या बोरू तासायच्या. इंग्रजीतलं 'पेननाइफ'सुद्धा मुळात पिसाच्या लेखणीला टोक काढण्याचंच हत्यार. तेव्हा लेखणीच्या आधी चाकू हातात यायचा. हल्ली तो येत नाही आणि लेखण्यांचं काय झालंय ते मी रोज वाचतोच आहे.

मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याचा प्रयोग जपानने करून पाहिला. तिथे 'हिगोनोकामी' नावाचा मिटणारा चाकू पोराटोरांच्या खिशात असायचा, पेन्सिली तासायला. 1960 साली असानुमा या समाजवादी पुढाऱ्याचा एका सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत खून केला. हत्यार होतं आखूड तलवार. पण मुलांच्या हाती पाती नकोत अशी चळवळ उठली आणि शिक्षा झाली पेन्सिलीच्या चाकूला. पुढे 1983 साली नागानो प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेने नव्या विद्यार्थ्यांना हाच चाकू द्यायला सुरुवात केली. एका तरी शाळेला वाटलं की मुलांचे हात रिकामे राहिले तर डोकीही तशीच राहतील.

असो. आता प्रत्यक्ष कलाकृतींकडे वळू.

पहिला चाकू बाजारातला, मी आणलेला. मुखपृष्ठ उत्तम : लालभडक मूठ, चकचकीत पातं. आशयात मात्र आनंदच. उघडताना अंगठ्याचं नख द्यावं लागतं. मिटायला काहीच द्यावं लागत नाही, तो आपणहून मिटतो. पातं उघडं धरून ठेवणारी पट्टी ढिली, त्यामुळे पात्याच्या पाठीवर जरा दाब आला की थेट बोटांवर. शिवाय धार नाही. पेरूवर फिरवला तर पेरूला फार तर गुदगुल्या झाल्या असत्या. सूनबाई म्हणाली, "हाच द्या. बोथट आहे, निदान लागणार तरी नाही." हा गैरसमज फार पसरलेला आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो. जोर लावला की ते घसरतं. आणि घसरलेलं पातं कुठे थांबेल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. धारदार चाकू आपण नेऊ तिथे जातो. नवशिक्याला हाच बरा. चाकू नामंजूर.

दुसरा स्विस. कार्ल एल्सनर नावाच्या गृहस्थाने 1884 साली कारखाना काढला आणि 1891 पासून स्वित्झर्लंडच्या लष्कराला चाकू पुरवले. शिपायाला खाण्याचे डबे फोडायला आणि बंदूक खोलायला एकच वस्तू हवी होती. 1897 साली अधिकाऱ्यांसाठी जरा नाजूक आवृत्ती निघाली, तिच्यात बुचं काढायचं मळसूत्रही आलं. लढाईत अधिकारी आणि शिपाई यांच्या गरजांमधला फरक इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नसेल. चिरंजीवांनी आणलेल्या चाकूत दोन पाती, कात्री, करवत, पेचकस, चिमटा, दातकोरणं आणि ते मळसूत्र, असं सगळं होतं. यालाच समीक्षेत महाकादंबरी म्हणतात. काय नाही असं विचारता येत नाही, आणि नेमकं काय आहे तेही सांगता येत नाही. नातीने पहिला दिवस सगळी हत्यारं उघडून चाकूचा खेकडा करण्यात घालवला. कापलं काहीच नाही. ही कंपनी मुलांसाठी गोल टोकाचा, आटोपशीर चाकूही काढते. तो का आणला नाही, असं विचारल्यावर चिरंजीव म्हणाले, "हा जास्त भारी वाटला." तेव्हा उलगडा झाला. हा त्यांनी मुलीसाठी आणलाच नव्हता. स्वतःतल्या मुलासाठी आणला होता. तो त्यांच्याकडेच ठेवण्याची शिफारस केली आणि ती तत्काळ मान्य झाली.

तिसरा ओपिनेल. जिनिव्हाच्या शेजारी फ्रान्सचा साव्हॉय प्रांत लागतो. तिथल्या जोसेफ ओपिनेलने 1890 साली बनवलेला हा शेतकऱ्याचा चाकू. लाकडी मूठ, एक पातं, संपलं. 1955 पासून त्यावर एक फिरणारं कडं आहे. पातं उघडून कडं फिरवलं की ते मिटत नाही. मुलांसाठीचा सात नंबरचा. त्याचं पातं आठ सेंटिमीटर आणि टोक गोल. दोष आहेतच. लाकडी मूठ ओल धरते आणि फुगते, मग पातं निघता निघत नाही. कोकणातल्या जुलैत याचं काय होईल ते सांगायला नको. जुन्या घडणीचं साध्या पोलादाचं पातं कैरी कापली की काळं पडतं. मुलांचं मात्र गंजत नाही. कडं विसरलं तर काही उपयोग नाही. पण मला वाटतं, यातच त्याचा गुण आहे. उघड, फिरव, फिरव, मिट. दर वेळी मुलाला क्षणभर थांबावं लागतं. लेखक एकच गोष्ट सांगतो आणि वाचकालाही थोडं काम देतो.

एवढं लिहून मी परीक्षण संपवणार होतो. पण तेवढ्यात ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला हे तिन्ही चाकू दाखवायचं धैर्य मला होईना. त्याला कारण आहे.

मी दहा वर्षांचा असताना मामाने मला शिंगाच्या मुठीचा चाकू दिला. ताई तेव्हा बारा वर्षांची होती, आणि नवव्या वर्षापासून विळीवर बसून घरादाराची भाजी चिरत होती. मी पहिल्या दिवशी बोट कापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पेरूच्या झाडावर माझं नाव कोरलं, तेही ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ करून. एका दुपारी ताईने तो चाकू गुपचूप घेतला आणि पांगाऱ्याच्या एका तुकड्यातून पक्षी कोरला. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, मऊ. सावंतवाडीची खेळणी त्याचीच करायचे. पक्षी असा उतरला होता की मान वळवून बघेल. मी जाऊन आजीला सांगितलं. "मुलीच्या जातीला चाकू शोभतो का?" असं म्हणून आजीने पक्षी चुलीत घातला आणि ताईला भेंडी चिरायला विळीवर बसवलं. चाकू माझ्याकडे राहिला. दोन महिन्यांत मी तो हरवला.

ताईने ओपिनेल उचलला, उघडला, कडं फिरवलं, समोरच्या कैरीची एक पातळ चकती काढली, तिखट-मीठ लावून खाल्ली आणि विचारलं, "पोरीला कुठला आवडला ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. समीक्षेत ती पद्धत नाही.

नातीने तोच उचलला. "हा मला उघडता येतो आणि मिटता पण येतो," ती म्हणाली. माझी तीन पानं तिने एका ओळीत आटोपली.

पुढचे चार दिवस ताईने शिकवणी घेतली. बसून कापायचं. पातं अंगाकडे ओढायचं नाही. हात लांब करून फिरवला तर कुणाला लागणार नाही, एवढी जागा बघायची. दुसऱ्याला द्यायचा तो मिटून. दप्तरात न्यायचा नाही. तो आजोबांच्या टेबलाच्या खणात राहील. सुरुवात अंगाच्या साबणाच्या वडीपासून. त्या आठवड्यात सौ.ने दोन हत्ती आणि एका कासवाने अंघोळ केली.

ताई गेल्यावर दहाव्या दिवशी नातीचं बोट कापलं. फार नाही; रक्ताचे चार थेंब. मी समोरच बसलो होतो म्हणून सगळं पाहिलं. तिने आधी कडं फिरवलं, पातं मिटलं, चाकू टेबलावर ठेवला, आणि मग भोकाड पसरलं. सूनबाई हळद घेऊन धावली. मी धडधडत्या छातीने ताईला फोन केला.

"मिटला ना आधी?" ताईने विचारलं.

"मिटला."

"मग झालं." आणि थोडं थांबून म्हणाली, "पांगाऱ्याचं लाकूड मिळतं का रे कुठे हल्ली?"

मी शोधतो आहे. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावं. दोन तुकडे हवे आहेत.