'गंमत' : विनोदविचारातील एक उपेक्षित संज्ञा

मराठीतील विनोदविचाराकडे वळले की उपहास, उपरोध, विडंबन, कोटी, अतिशयोक्ती अशा संज्ञांची एक परिचित मालिका समोर येते. या मालिकेत 'गंमत' हा शब्द नाही. बोलण्यात पदोपदी येणारा हा शब्द समीक्षेच्या परिभाषेला पोरकट वाटला असावा. विदर्भात ही उणीव विशेष जाणवते. कारण येथे 'गंमत' हे एका लोकनाट्यप्रकाराचेच नाव आहे. विनोदाची मीमांसा एका प्रश्नपत्रिकेत आणि खडी गंमत लोकसाहित्याच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत शिकवताना, या दोहोंमधली भिंत नेमकी कशाची, असा प्रश्न प्रस्तुत लेखकाला अनेकदा पडला आहे. ही भिंत 'गंमत' या शब्दाचा अर्थ नीट न पाहिल्यामुळे उभी राहिली, असे येथे सुचवायचे आहे.

प्रथम शब्दाचे वर्तन पाहू. थट्टा 'केली' जाते, ती कुणाची तरी असते. 'मला थट्टा आली' असे मराठीत म्हणता येत नाही. विनोद 'केला' जातो वा 'घडतो'. तो कुणावर तरी असतो. 'मजा' आणि 'मौज' हे अनुभवाचे शब्द आहेत. ते 'येतात', 'वाटतात'. पण 'मी मजा केली' याचा अर्थ मी आनंद लुटला असा होतो, मी विनोद केला असा होत नाही. 'गंमत' मात्र केली जाते, येते, वाटते आणि पाहिलीही जाते. करणारा, अनुभवणारा आणि पाहणारा या तिघांनाही हा एकच शब्द पुरतो. शिवाय 'गंमत अशी की' या प्रयोगात तो हसण्यापासून दूर जाऊन विस्मयाचा, विसंगतीच्या जाणिवेचा वाचक होतो. तर 'ही गोष्ट गमतीवारी नेऊ नका' या प्रयोगात तो गांभीर्याच्या सीमेवर उभा राहतो. म्हणजे 'गंमत' हे एखाद्या उक्तीचे नाव नव्हे; एका विशिष्ट परिस्थितीचे नाव आहे. त्या परिस्थितीत जे बोलले वा केले जाते, ते नेहमीच्या हिशेबाने मोजायचे नाही, असा अलिखित करार असतो.

आपल्या विनोदमीमांसेला हा करार फारसा दिसला नाही. न. चिं. केळकरांच्या 'सुभाषित आणि विनोद' (१९०८) या ग्रंथापासून सुरू झालेल्या चर्चेत हसू का येते, हा प्रश्न प्रधान राहिला. नाट्यशास्त्राने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केले. स्मितापासून अतिहसितापर्यंतचे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना वाटून दिले. बर्गसाँने १९०० मधील आपल्या निबंधात हास्यासाठी भावनेची तात्पुरती स्तब्धता आवश्यक मानली. या साऱ्या विचारांत हसणारा आणि हास्यविषय यांच्यात अंतर गृहीत आहे. 'गंमत' समजून घ्यायला त्यापेक्षा ग्रेगरी बेटसनचा १९५५ मधील क्रीडाविषयक निबंध अधिक उपयोगी पडतो. खेळताना प्राणी एकमेकांना लटकेच चावतात. त्या चाव्यासोबत 'हा खेळ आहे' असा संदेशही ते देत असतात, आणि तो संदेश दुसऱ्याने स्वीकारला तरच खेळ चालतो, हे त्याचे प्रतिपादन आहे. आपण ज्याला गंमत म्हणतो ती हीच.

खडी गंमत या दृष्टीने पाहिली म्हणजे तिचे नाव किती अन्वर्थक आहे, हे ध्यानात येते. नागपूरपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतच्या मुलखात, विशेषतः दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईत, हा प्रयोग रंगतो. कलावंत उभ्याने सादर करतात म्हणून ती 'खडी'. शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणे आणि स्त्रीवेष घेतलेला नाच्या एवढ्या सामग्रीवर ती उभी राहते. येथे पडदा नाही, आणि नट व प्रेक्षक यांच्यातील अंतरही चार पावलांचेच. एखादी कोटी पडली की पडल्याचे तत्क्षणी कळते. रंगली की तिचा विस्तार होतो. संहिता हाती घेऊन तिच्यातील विनोदस्थळे मोजू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्यामुळे फारसे काही सापडत नाही, आणि मग 'ग्राम्य' हा शेरा मारून तो मोकळा होतो. वस्तुतः येथील विनोद वाक्यात नसून त्या करारात आहे. शेजारच्या छत्तीसगढातील 'नाचा' या प्रकारातही विनोदी प्रवेशांना 'गम्मत' असेच म्हणतात; जोक्कड आणि परी ही त्यातील पात्रे. हबीब तन्वीरांनी १९७३ मध्ये अशाच प्रवेशांतून एक सलग नाटक बांधले आणि पुढे १९७५ मध्ये 'चरणदास चोर' सिद्ध केले. जे आपल्या समीक्षेला किरकोळ वाटले, त्याच्यावर आधुनिक भारतीय रंगभूमीचा एक महत्त्वाचा प्रवाह पोसला गेला, ही गोष्ट विसरता येत नाही.

परंतु गंमत ही लोककलेची आणि विनोद हा लिखित साहित्याचा, अशी नवी वाटणीही करून चालणार नाही. मराठी विनोदी लेखनाचे प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म नागपूरचा (१८७१) आणि त्यांची वकिली वऱ्हाडातील. १९०२ मध्ये 'साक्षीदार' हा त्यांचा पहिला विनोदी लेख 'विविधज्ञानविस्तार'मध्ये आला. कोल्हटकरांच्या विनोदाची ओळख आपण प्रायः कोटिबाजपणा व सामाजिक उपहास या दोन शब्दांत करून देतो. मात्र 'सुदाम्याचे पोहे' वाचताना सुदामा हा निवेदक कोठे उभा आहे, ते पाहावे. बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या मूर्खपणाकडे तो उंचावरून पाहत नाही. तो त्यांच्यातच, त्यांच्याइतक्याच उत्साहाने वावरतो. ज्या रूढींवर लेखकाला प्रहार करायचा आहे, त्यांचा सुदामा समर्थक आहे. हा लेखकाने वाचकाशी केलेला गमतीचा करार होय, आणि तो उमगला नाही तर त्या लेखांत केवळ शुष्क सुधारकी तर्क उरतो. उपहासाला धार कोट्यांमुळे येत असेल. पण तो सह्य आणि म्हणून परिणामकारक होतो, तो गमतीमुळे.

येथवर 'गंमत' ही निरागस संकल्पना भासेल. ती तशी नाही, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. करार म्हटला की तो मोडण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न येतो. रॅडक्लिफ-ब्राऊनने १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांविषयी लिहिताना दाखवले की, काही नात्यांत एकाने चिडवायचे आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही, अशी रूढीचीच आज्ञा असते. कधी ही मुभा परस्पर असते, कधी एकतर्फी. आपल्याकडील मेहुणा-मेहुणी, दीर-भावजय यांच्या थट्टेतही हा भेद दिसेल. एकतर्फी मुभेची गंमत ही सत्तेची भाषा होऊ शकते. मालकाने गड्याची, वरच्या जातीने खालच्या जातीची केलेली 'गंमत' हसून साजरी करण्याखेरीज समोरच्याला पर्याय नसतो. खडी गंमतीतील स्त्रीपात्र पुरुष उभे करतो. त्या पात्राच्या निमित्ताने स्त्रीदेहावर जे बोलले जाते, त्या कराराला स्त्रियांची संमती कुणी विचारली, हेही लोककलेच्या गौरवाच्या भरात आपण विसरतो. विद्यापीठीय वाचकाला आणखी जवळचे उदाहरण द्यायचे तर महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ याचे देता येईल. त्यातील व्याख्येत चिडवणे आणि गमतीच्या नावाखाली केलेल्या खोड्या यांचाही समावेश आहे. 'आम्ही गंमत केली' हे करणाऱ्याचे विधान पुरेसे नाही. ज्याच्यावर ती बेतली त्याला गंमत आली का, हे विचारावे लागेल, असे कायद्याला सांगावे लागले.

आणि हे तर आपली भाषा आधीपासूनच सांगत होती. गंमत केवळ 'केली' जात नाही, ती 'यावी' लागते. करणे आणि येणे यांपैकी दुसरे क्रियापद गळून पडले की उरते ती टवाळी. विनोदी संहितेचे मूल्यमापन करताना कोटी किती चतुर आहे, विसंगती किती अनपेक्षित आहे, एवढेच पाहून भागणार नाही. हा करार कुणाकुणात झाला आहे, त्यातून बाहेर पडण्याची मुभा कुणाला आहे आणि हसण्याची सक्ती कुणावर आहे, हे प्रश्नही समीक्षेचेच आहेत. ते विचारण्यासाठी नवी परिभाषा घडवण्याची गरज नाही. मंडईतल्या माणसाने आपल्या खेळाला दिलेले नाव तेवढे गांभीर्याने घेतले पाहिजे.