मेलोसचा संवाद ऐकला कुणी?

ग्रीक इतिहास घेऊन एम.ए. करणारा विद्यार्थी मेलोसचा संवाद वाचतोच. इ. स. पू. ४१६. अथेन्सचं आरमार बेटावर येतं, शरण या म्हणतं. मेलोसवाले न्यायाचं बोलतात, अथेन्सवाले बळाचं. मग निबंधात येतं, ‘अथेन्सवाले म्हणाले की...’

मी तिथंच अडवतो. म्हणाले, हे कशावरून? थ्युसिडिडीज तिथं नव्हताच हो! अँफिपोलिस हातचं गेलं तेव्हापासून वीस वर्षं तो हद्दपार. बोलणी झाली तीही लोकसभेपुढं नव्हे, अधिकारी आणि मोजक्या मंडळींपुढं. बोलणाऱ्यांची नावंसुद्धा तो देत नाही.

पहिल्या पुस्तकात त्यानं कबुली दिली आहे. भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून प्रसंगाला जे बोलणं उचित वाटलं ते मी घातलं. पण प्रत्यक्षात जे बोललं गेलं त्याचा एकंदर आशय धरून. आता, ‘उचित’ आणि ‘प्रत्यक्षात’ एका वाक्यात नांदतात का? माझ्या मते नाही. पदव्युत्तर वर्गात वेळ द्यावा तो इथं.

आपण काय करतो? तेवढाच उतारा झेरॉक्स करून वाटतो. (मीही वाटलाय.) पोरं समजतात, हा बळाचा पुरस्कर्ता. अहो, पान उलटा! मेलोसचे पुरुष मारले, बायकामुलं गुलाम केली, आणि लगेच सिसिलीची मोहीम सुरू. आशेवर विसंबू नका म्हणणारे आता स्वतः आशेवर निघालेत. ४१३ मध्ये ते आरमार बुडालं. हा क्रम लावला कुणी? थ्युसिडिडीजनंच ना?