अ‍ॅनिमे कुठून सुरू करावं?

चार वर्षांपूर्वी जयपूरमधल्या माझ्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, “तू ते जपानी काय काय बघत असतेस, त्यातलं एखादं मलाही दाखव. पण एकच. सगळ्यांत चांगलं असेल ते.” ती शाळेत हिंदी शिकवते, भरपूर वाचते, आणि तिनं तोवर अ‍ॅनिमे म्हणून काही पाहिलेलं नव्हतं. मला विचार करावा लागला नाही. सगळ्यांत चांगलं म्हणजे इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. पुढच्या रविवारी माझ्या घरी आम्ही तो लावला.

१९८८ सालचा हा चित्रपट अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवर आधारलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत आई गमावलेला एक मुलगा आणि त्याची चार वर्षांची बहीण यांची ही गोष्ट. ती सुरू होते तीच मुळी त्या भावाच्या मरणापासून, कोबेच्या रेल्वे स्थानकावर, खांबाला टेकून बसलेल्या त्याच्या देहापासून. माझ्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ आदल्याच वर्षी गेला होता. मला हे ठाऊक होतं. मी त्याच्या तेराव्यालाही गेले होते. पण चित्रपट निवडताना या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत. विसाव्या मिनिटाला ती उठली. “अच्छी होगी,” ती म्हणाली, “मुझसे नहीं होगा.” त्यानंतर चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. अ‍ॅनिमेचा विषय मात्र पुढची तीन वर्षं आमच्यात निघाला नाही.

शिफारस ही टीकेची सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जोखमीची जात आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. परीक्षण लिहिताना वाचक समोर नसतो, त्यामुळे आपण फक्त कलाकृतीचं माप काढतो. शिफारस करताना माणूस समोर बसलेला असतो, आणि तिथं दोघांचं वाचन करावं लागतं. ‘सगळ्यांत चांगलं कोणतं’ या प्रश्नाचं माझं उत्तर चुकीचं नव्हतं. पण तिच्या प्रश्नाचा अर्थ ‘मी कुठून आत येऊ’ असा होता, आणि त्याचं उत्तर मी दिलंच नाही.

नवख्यांसाठी दहा-दहा नावांच्या याद्या केल्या जातात, त्याही याच कारणानं फसतात. अ‍ॅनिमे हा कथाप्रकार नाही, माध्यम आहे. ‘मला अ‍ॅनिमे आवडेल का?’ हा प्रश्न ‘मला छापील पुस्तकं आवडतील का?’ इतकाच मोघम आहे. त्यात शाळकरी मुलांच्या व्हॉलीबॉलच्या मालिका आहेत, राक्षस मारणाऱ्यांच्या आहेत, संसाराच्या आहेत, खुनाच्या आहेत. कुणी मराठी शिकून तुमच्याकडे आला आणि म्हणाला, काय वाचू, तर ‘कोसला’, ‘श्यामची आई’ आणि एखादी रहस्यकथा असे तीन गठ्ठे आपण त्याच्या हातात एकदम देणार नाही. आधी विचारू, बाबा, तू तुझ्या भाषेत काय वाचतोस?

मात्र त्याआधी एक अडसर येतो. तो म्हणजे ‘कार्टून’ हा शब्द. चाळिशीच्या पुढची बहुतेक मंडळी तिथंच थांबतात. त्यांना मी आता एकच आठवण करून देते. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. त्याचं गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. ती मालिका जपानची होती, निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९-९० मध्ये केलेली, ५२ भागांची. म्हणजे ‘मी अ‍ॅनिमे कधी पाहिलेलंच नाही’ असं म्हणणाऱ्या एका सबंध पिढीनं ते पाहिलेलं आहे, फक्त त्याला त्या नावानं ओळखलेलं नाही. त्यांच्या मुलांनी डोरेमॉन आणि शिनचॅनकडून हिंदी उचललं, ते निराळंच.

दुसरी तक्रार जास्त विचार करण्यासारखी आहे. “यातली चित्रं हलतच नाहीत. नुसती तोंडं हलतात.” ही तक्रार खरी आहे, आणि तिचं कारणही ठाऊक आहे. ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ पासून ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका दर आठवड्याला अर्धा तास दाखवायला सुरुवात केली. इतक्या कमी वेळात आणि कमी पैशांत डिस्नेसारखी प्रत्येक हालचाल रेखाटणं शक्य नव्हतं. तेव्हा चित्रांची संख्या कमी केली, एकदा काढलेली चित्रं पुन्हा पुन्हा वापरली, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवला आणि उरलेलं काम आवाजावर आणि संगीतावर सोपवलं. गरिबीतून आलेली ही युक्ती पुढे शैली झाली. थांबलेलं चित्र म्हणजे उणीव, असं मानणं चांगल्या दिग्दर्शकांनी सोडून दिलं. ते त्या थांबण्यातच माणसाचा विचार दाखवू लागले.

आणि हे आपल्याला परकं का वाटावं? मी राहते त्या राजस्थानात भोपा पाबूजीची फड रात्री उलगडतो. कापडावरची चित्रं जागची हलत नाहीत. भोपी दिवा धरते, रावणहत्थ्यावर सूर लागतो, आणि ज्या चित्रावर उजेड पडतो तेवढा प्रसंग जिवंत होतो. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीतले चित्रकथी तर आणखी जवळचे. पोथीतलं एक एक चित्र समोर धरायचं, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं कथा सांगायची, चित्र बदलायचं. जपानमध्ये १९३० च्या दशकात सायकलवरून गोळ्या-मिठाई विकत फिरणारे कामिशिबाईवाले हेच करत: लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे, ते एकेक काढत सांगितलेली गोष्ट. टीव्ही आला तेव्हा तिथं लोकांनी त्याला आधी ‘विजेची कामिशिबाई’ म्हटलं, आणि शिगेरू मिझुकींसारखे काही मोठे मांगा-चित्रकार कामिशिबाईची चित्रं काढतच पुढे आले. पिंगुळीतून जपानकडे किंवा जपानहून पिंगुळीकडे काही गेलं, असं मी म्हणत नाही. म्हणायचं एवढंच की स्थिर चित्र आणि चालता आवाज ही जोडी समजून घ्यायला आपल्याला वेगळं शिक्षण लागत नाही. ज्यानं फड पाहिली आहे त्याला अ‍ॅनिमेची निम्मी रीत आधीच कळलेली असते.

हे पटलं तेव्हा माझी शिफारस करायची पद्धत बदलली. त्याची खरी परीक्षा एका काकांकडे झाली. इथं चाळीसएक वर्षं बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले हे काका म्हणजे आम्हा जयपूरकर मराठी मंडळींचा गणेशोत्सवातला हुकमी माणूस. पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’ त्यांना पानंच्या पानं पाठ. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनी पाहिलेलं, आणि एक माणूस ५२ व्यक्तिरेखा कशा उभ्या करतो हे ते दरवर्षी नव्यानं सांगतात. ऐकणारे मात्र दरवर्षी कमी होतात. नातू पंधरा वर्षांचा. त्याला मराठी समजतं, पण तो बोलतो हिंदीत. काकांनी मला चिडवायला म्हणूनच विचारलं होतं, “तुझ्या त्या कार्टुनात आमच्यासारख्यांसाठी काय आहे?”

मी त्यांना ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’ सांगितलं. हारुको कुमोता यांच्या मांगावरून केलेली ही मालिका २०१६ आणि २०१७ मध्ये दोन पर्वांत आली. राकुगो म्हणजे जपानी कथाकथन. कथेकरी आसनावर गुडघे मोडून बसतो, उठत नाही, हातात एक पंखा आणि एक रुमाल. मान जराशी वळवली की नवरा, दुसरीकडे वळवली की बायको. तुरुंगातून सुटलेला एक तरुण याकुमो नावाच्या थोर कथेकऱ्याकडे येऊन ‘मला शिष्य करा’ म्हणून हटून बसतो. याकुमोनं तोवर एकही शिष्य घेतलेला नसतो. आपल्याबरोबर ही कला संपली तरी चालेल, नव्हे संपावीच, असं त्याच्या मनात असतं. का, हे सांगायला मालिका मागे जाते, युद्धापूर्वीच्या काळात, दोन मित्रांपाशी: एकाला कला जन्मजात आलेली, दुसऱ्यानं ती घासून घासून मिळवलेली.

मालिकेचं मोठेपण असं की ती राकुगोबद्दल बोलत बसत नाही, राकुगो करून दाखवते. पहिल्याच भागात तो तरुण रंगमंचावर बसून एका फजीत पावणाऱ्या चोराची गोष्ट सांगतो आणि आपण ती बराच वेळ, जवळजवळ प्रेक्षकांत बसल्यासारखी ऐकतो. चित्र जवळपास स्थिर. घामाचा थेंब, पंखा उघडणारी बोटं, श्रोत्यांपैकी कुणाचं तरी सैल झालेलं तोंड. ज्या ‘न हलण्याची’ तक्रार करतात ते इथं सर्वस्व होऊन बसतं, कारण ही कलाच बसून करायची आहे. आवाज देणाऱ्या नटांना एकाच पात्राच्या तोंडून दहा पात्रं बोलावी लागतात, शिवाय तो कथेकरी त्या दिवशी चांगला सांगतो आहे की वाईट, हेही आवाजातूनच कळवावं लागतं. म्हणून ही मालिका मूळ जपानीतच पाहायला हवी. एरवी मी डबिंगच्या विरोधात नाही. शेरखान आपल्याला नानांच्याच आवाजात आठवतो. पण इथं आवाज हाच विषय आहे.

अडचण उपशीर्षकांची होती. काकांचं इंग्रजी चांगलं, पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सरकती अक्षरं त्यांना धरता येईनात. तेव्हा नातवाला शेजारी बसवलं. तो वाचायचा इंग्रजी आणि सांगायचा मराठीत, म्हणजे त्याला येईल त्या मराठीत. “आजोबा, तो म्हणतोय की मी मरीन तेव्हा राकुगो पण माझ्यासंग जाईल.” काकांनी पहिल्या दिवशी तीन वेळा त्याचं मराठी सुधारलं. तिसऱ्या भागानंतर सुधारणं बंद झालं. पर्व संपायला महिना लागला. मी विचारलं, कसं वाटलं? काका म्हणाले, “म्हातारा चुकतोय. पण तो का चुकतोय ते मला कळतं.” यापेक्षा नेमकं परीक्षण मी त्या मालिकेचं वाचलेलं नाही. नातवानं पु. ल. पाठ केले वगैरे काही झालं नाही. पण या गणपतीत तो काकांच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसला आणि शेवटपर्यंत बसला.

सगळे प्रयोग असे जमत नाहीत. भेंड्यांमध्ये कुणालाही हरवणाऱ्या एका वहिनींना मी ‘चिहायाफुरू’ सुचवली. शंभर जुन्या कविता, वाचणारा पूर्वार्ध म्हणू लागला की उत्तरार्धाचं पान जमिनीवरून झडप घालून उचलायचं, अशा खेळाची ही मालिका. त्यांना खेळ आवडला, शाळकरी प्रेमप्रकरणं आवडली नाहीत, त्यांनी सहाव्या भागात सोडली. ठीक आहे. शिफारस म्हणजे दीक्षा नव्हे. उलट यात काय खटकेल तेही आधीच सांगावं: मुलींची देहचित्रं विनाकारण घुसडणाऱ्या मालिका, भागचे भाग चालणाऱ्या मारामाऱ्या, नको तेव्हा येणारा आचरटपणा. ते लपवून ठेवलं की पुढच्या वेळी आपल्या शब्दाला किंमत राहत नाही.

आता त्या मैत्रिणीकडे परत येते. ‘फायरफ्लाइज’ १६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये प्रदर्शित झाला तो एकटा नव्हे. एकाच तिकिटात दुसरा चित्रपट होता, हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’. दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात, कारण आई जवळच्या रुग्णालयात आहे. मागच्या झाडीत एक प्रचंड, केसाळ, झोपाळू प्राणी त्यांना भेटतो. मुलांचा म्हणून ओळखला जाणारा हा चित्रपट आत भीतीनं भरलेला आहे. आई परत येईल का, हे मोठ्या मुलीला विचारायचं असतं आणि विचारता येत नाही. धाकटी हरवते तेव्हा तळ्यात सापडलेली चप्पल कुणाची, या प्रश्नाशी सगळं गाव थांबतं. म्हणजे दोन्ही चित्रपटांचा विषय एकच, धाकट्या भावंडाला सांभाळणं. एकात ते जमत नाही, दुसऱ्यात जमतं. त्या तिकिटातला अर्धा भाग मी तिला दाखवला होता, आणि तिला नको असलेला.

गेल्या पावसाळ्यात मी हे तिला सांगितलं, माफीसारखं. ती म्हणाली, मग दुसरा अर्धा दाखव. तिनं ‘टोटोरो’ पूर्ण पाहिला. चपलेच्या प्रसंगाला तिनं माझा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. संपल्यावर ती बराच वेळ बोलली, चित्रपटाबद्दल नाही, भावाबद्दल. लहानपणी सांगानेरच्या जत्रेत तो कसा हरवला होता आणि कसा सापडला होता, त्याबद्दल.

‘फायरफ्लाइज’ तिनं अजून पाहिलेला नाही. मी विचारलेलं नाही.