गुळगुळीत दगड, गप्प साप

सापाच्या फोटोवर सहसा दोनच प्रतिक्रिया येतात, ‘ईऽऽ’ किंवा ‘वाऽऽ’. दोन्हींत फोटो बघायचा राहूनच जातो. म्हणून इथे फोटोच्या एका विशिष्ट प्रकाराकडे जरा थांबून बघू. अमेरिका-युरोपात साप पाळणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांतले काही जण आपला साप पॉलिश केलेल्या दगडांच्या शेजारी ठेवून त्याचे फोटो काढतात. काळं मखमली कापड, एका बाजूने मऊ प्रकाश, मधोमध वेटोळं घातलेला बॉल पायथन, आणि भोवती अकीक, जास्पर, लॅब्रडोराइट. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरात ठेवता येत नाही, त्यामुळे ही हौस आपल्याला परकी वाटेल. पण त्यामागची कल्पना मुळीच परकी नाही. साप आणि रत्न शेजारी आले की मराठी माणसाला नागमणीच आठवणार.

मात्र एक फरक आहे. नागमण्याच्या गोष्टीत मणी मिळवायला नागाशी गाठ पडावी लागते. रत्नाची किंमत असते ती त्याच्या राखणदारामुळे. या फोटोंत राखणदारच रत्न होऊन बसला आहे. भीती वजा झाली आणि उरली ती झळाळी.

या झळाळीला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. या प्रकारातले सर्वात चांगले फोटो खरोखर काहीतरी दाखवतात. दक्षिण अमेरिकेतल्या रेनबो बोआचं अंग तपकिरी-नारिंगी असतं, पण उजेड तिरपा पडला की त्यावर निळी-हिरवी लाट सरकते. हा रंग रंगद्रव्याचा नव्हे. खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि तो उमटतो. लॅब्रडोराइटच्या पोटातली निळाईसुद्धा अशीच, त्याच्या आतल्या पातळ थरांमुळे दिसणारी. एक जिवंत कातडी, एक खनिज, आणि दोन्हींत रंग तयार करण्याची युक्ती जवळपास एकच! हे शब्दांत सांगायला परिच्छेद लागतो, फोटोला एक कोन पुरतो. तो कोन सापडणं मात्र सोपं नाही. दगडावरची चकाकी मारायला पोलरायझर लावला तर तिच्याबरोबर सापाचं इंद्रधनुष्यही फिकं पडतं. ज्याला हा तोल साधला त्याला दाद द्यायलाच हवी.

या प्रकाराला एक पूर्वजही आहे. सतराव्या शतकातला डच चित्रकार ओटो मार्सेउस व्हान स्क्रीक. जंगलातल्या जमिनीचं, म्हणजे शेवाळ, अळंब्या, बेडूक, फुलपाखरं आणि साप यांचं स्थिरचित्र ही त्याची खासियत. रोममधल्या त्याच्या डच मित्रमंडळींनी त्याला ‘हुंगत फिरणारा’ असं टोपणनाव दिलं होतं, कारण हा गडी सदानकदा किडेमकोडे शोधत हिंडायचा. पुढे नेदरलँड्समध्ये परतल्यावर त्याने चित्रांसाठी साप आणि सरडे पाळले. काही चित्रांत त्याने खऱ्या फुलपाखराच्या पंखांचे ठसे रंगावर उमटवले आहेत. आजच्या हौशी छायाचित्रकाराइतकाच तोही पृष्ठभागावर लुब्ध होता. पण त्याच्या चित्रातला साप काहीतरी करत असतो. जबडा उघडून फुलपाखरावर झेपावतो, फांदीखालून डोकं काढतो, दुसऱ्या प्राण्याकडे रोखून बघतो. अवतीभवतीच्या जगाशी त्याचं काही देणंघेणं असतं. मखमलीवरच्या सापाचं असं काहीही नसतं.

आणि माझी खरी तक्रार इथेच सुरू होते. बॉल पायथनला हे नाव कशावरून पडलं? भ्यायला की तो डोकं आत घेऊन स्वतःचा घट्ट चेंडू करतो, यावरून. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या या सापाची ही बचावाची रीत. आता पुन्हा फोटोकडे बघा. गोल दगडांच्या शेजारी गोल साप, आकाराला आकार जुळलेला, आणि खाली मथळ्यात ‘शांत’ हा शब्द. ज्या मुद्रेला आपण शांतपणा म्हणतो ती घाबरलेल्या जनावराची असू शकते. मांजर घाबरलं तर कान सांगतात, कुत्रा घाबरला तर शेपूट सांगते. सापाला पापण्यासुद्धा नाहीत, डोळ्यावर फक्त पारदर्शक खवला. त्याचा चेहरा आपल्याला वाचता येत नाही, आणि त्याच्या न बोलण्याचा अर्थ आपण सोयीने संमती असा लावतो.

बाजाराची भाषाही हेच करते. निवडक पैदाशीतून तयार झालेल्या रंगप्रकारांना ‘मॉर्फ’ म्हणतात: बनाना, पेस्टल, पायबॉल्ड. नग दुर्मिळ, डाग कमी, रंग स्वच्छ, म्हणून भाव जास्त. रत्नांच्या पेढीवर चालावी तशी ही बोली. त्यांतल्या ‘स्पायडर’ नावाच्या मॉर्फची नक्षी कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक, पण त्याच जनुकासोबत मज्जासंस्थेचा दोष येतो. डोकं डुलतं, काही सापांना तर भक्ष्यावर नेमकी झडपही घालता येत नाही. फोटोत मात्र डुलणं दिसत नाही. एका क्षणाचा तुकडा कापून घेणाऱ्या माध्यमाला हा दोष लपवायला काही वेगळं करावंच लागत नाही.

दगडांचंही तसंच. मथळ्यात अभिमानाने लिहिलेलं असतं, ‘हाताने पॉलिश केलेला’. कोणाच्या हाताने? पुष्कळदा हौशी माणसाच्या स्वतःच्याच. त्याने पाणी सोडत, तोंडाला मास्क लावून, जाड कणांपासून बारीक कणांपर्यंत टप्प्याटप्प्याने घासलेला दगड असतो तो. पण अकीक घासण्याचं फार जुनं केंद्र आपल्या शेजारच्या गुजरातेत, खंभातला आहे. तिथल्या कारागिरांच्या फुप्फुसांत गारेची धूळ साचून होणारा सिलिकोसिस वैद्यकीय अभ्यासांत वारंवार नोंदला गेला आहे. दगडावरचा प्रत्येक ओरखडा निघतो तेव्हा त्याची पूड कुठेतरी जाते. गुळगुळीतपणा म्हणजे झालेल्या कामाच्या खुणा पुसून टाकणं. म्हणून तो मोहक, आणि म्हणूनच संशयास्पद.

मग असे फोटो काढूच नयेत का? तसं माझं म्हणणं नाही. पण सापाच्या बाजूने एकदा दगडाकडे बघावं. सापाला दगड लागतो तो कात टाकताना. तोंडाजवळची कात सुटी करायला तो कुठल्यातरी खरबरीत वस्तूवर नाक घासतो. जाणकार पाळणारे पिंजऱ्यात ओबडधोबड दगड किंवा लाकूड ठेवतात ते यासाठीच. म्हणजे आपण तासन्‌तास घासून दगडातून काढून टाकलं ते नेमकं तेच, जे सापाच्या उपयोगाचं होतं! या आरशासारख्या अकिकावर त्याला काही धरताच येणार नाही.

याच साध्या गोष्टीत मला या प्रकाराची कसोटी दिसते. फोटोत साप दगडाशी काही करतो आहे, की दगडासारखा ठेवलेला आहे? जीभ बाहेर आहे का, मान सुटी आहे का, फोटोच्या चौकटीबाहेर जायची वाट त्याला मोकळी आहे का? कात टाकून नुकत्याच निघालेल्या सापाच्या अंगावर जी तकाकी असते तीही घासूनच आलेली असते, फक्त ती त्याची त्याने मिळवलेली असते. कोणी न घासलेल्या दगडाशेजारी तिचा फोटो काढून बघावा.