‘बेपत्ता’ या नोंदीआड

डेव्हिड पॉलिडीस हा कॅलिफोर्नियातला माजी पोलीस. हरवलेल्या माणसांवरच्या त्याच्या ‘मिसिंग ४११’ या मालिकेत २०१५ साली ‘अ सोबरिंग कोइन्सिडन्स’ हे पुस्तक निघालं. कॉलेजच्या वयाची मुलं रात्री मित्रांबरोबर प्यायला बसतात, घोळक्यातून कधीतरी बाजूला होतात आणि काही दिवसांनी नदीत किंवा तळ्यात सापडतात, हा त्याचा विषय. असं का होतं हे पॉलिडीस सांगत नाही. तो प्रकरणामागून प्रकरण ठेवत जातो आणि भीती वाचकाच्या मनात आपोआप तयार होते. लेखक म्हणून ही हातोटी मोठीच आहे. संशोधन म्हणून मात्र माझी तक्रार इथूनच सुरू होते.

त्याच्याआधी, २००८ मध्ये, केव्हिन गॅनन आणि अँथनी दुआर्ते या न्यू यॉर्कच्या दोन निवृत्त पोलिसांनी कारणही सांगून टाकलं होतं. १९९७ पासून बुडालेल्या अशा अनेक तरुणांमागे एक टोळी आहे आणि घटनास्थळाजवळ ती हसऱ्या चेहऱ्याचं चित्र काढून जाते, असं त्यांचं म्हणणं. एफबीआयने त्याच वर्षी सांगितलं की या मृत्यूंना जोडणारा पुरावा नाही, बहुतेक मुलं दारूच्या अमलाखाली बुडालेली दिसतात. हसरा चेहरा अमेरिकेत कुठल्याही पुलाखाली सापडेल. सांगलीत आयर्विन पुलापासून हरिपूरच्या संगमापर्यंत प्रत्येक बुडालेल्या माणसामागे कुणी लिंबू, कुंकू, नारळ शोधत गेला, तर त्याला ते दर वेळी मिळेल. त्यावरून नदीकाठी पूजा होतात एवढंच सिद्ध होईल.

अशा पुस्तकांचा आवडता पुरावा म्हणजे ‘जिथे आधी शोधलं होतं तिथेच प्रेत मिळालं’. कृष्णाकाठच्या कुणाही नावाड्याला हे सांगा, तो हसेल. प्रेत आधी तळाशी जातं, कुजताना आत वायू धरतो आणि मग ते वर येतं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत, थंड पाण्यात फार उशिरा. मिनेसोटात हिवाळ्यात हरवलेला मुलगा वसंतात सापडतो तो याच कारणाने. ‘मुलगेच का, मुली का नाहीत?’ या प्रश्नाचंही उत्तर साधं आहे. रात्री पिऊन एकटा चालत घरी निघणारा बहुधा पुरुष असतो. लघवीला पाण्याच्या कडेला उभा राहणाराही तोच. आपल्याकडे त्यात बिनकठड्याच्या विहिरी, कालव्याच्या कडेचे दिवे नसलेले रस्ते आणि मित्राला मोटारसायकलवरून अर्ध्या वाटेत उतरवण्याची सवय मिळवा.

आपल्या जुन्या माणसांनीही असल्या मृत्यूंची कारणं लावली होतीच. रानात वाट चुकली तर चकवा, डोहात माणूस गेला तर आसरांनी ओढला. मी ते मानत नाही. पण पुस्तकातल्या गूढापेक्षा मला आसरा बऱ्या वाटतात, कारण त्यांच्या भीतीमागे निदान एक सूचना होती : त्या डोहाकडे अवेळी एकट्याने जाऊ नये. विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावात मुलं मिसिसिपीत बुडू लागली तेव्हाही टोळीच्या गोष्टी पिकल्या. त्याच गावातले विद्यार्थी पुढे रात्री नदीकाठच्या बागेत गस्त घालू लागले, तोल गेलेल्यांना परत फिरवू लागले.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता : दारू, अंधार, पाणी. पण आमच्या दोन जिल्ह्यांनी दुसरी बाजूही दाखवली आहे. वाईजवळच्या धोममध्ये ऑगस्ट २०१६ ला एका माणसावर सहा खुनांचा आरोप आला. पहिला २००३ मधला. पाच स्त्रिया, एक पुरुष. जून २०१६ मध्ये नाहीशा झालेल्या एका अंगणवाडी कार्यकर्तीचा तपास लागला, तेव्हा मागची प्रकरणं उघडली. तेरा वर्षं ही माणसं कागदावर फक्त बेपत्ता होती.

दुसरं प्रकरण सांगलीचं, आणि ते तरुण मुलाचंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला २६ वर्षांचा मुलगा ताब्यातून पळून गेला, असं शहर पोलिसांनी सांगितलं. घरच्यांना ते पटलं नाही. मग बाहेर आलं ते असं की तो पोलीस ठाण्यातल्या मारहाणीत मेला आणि त्याचं प्रेत आंबोलीला नेऊन जाळण्यात आलं. उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला. ‘पळून गेला’ हेही एक स्पष्टीकरणच होतं, आणि ‘पिऊन पडला असेल’ इतकंच सोयीचं.

म्हणून पॉलिडीसच्या वाचकांवर मी चिडत नाही. सरकारी उत्तरावर शंका घेण्यात त्यांची काही चूक नाही. चूक ही की ती शंका टोळी, चिन्ह आणि योगायोग यांच्यामागे जाते, नोंदवहीपर्यंत पोहोचत नाही. वाई आणि सांगलीत ती पोहोचली.

नोंदवहीत काय असतं ते पाहा. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर, गुन्हा दाखल करावा लागतो. एकोणीस वर्षांचा मुलगा ढाब्यावरून घरी आला नाही तर फक्त ‘मिसिंग’ची नोंद होते, आणि ‘येईल दोन दिवसांत’ हे उत्तर मिळतं. प्रेत मिळालं तर अकस्मात मृत्यू, पूर्वीचं कलम १७४, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. व्हिसेरा राखून ठेवतात, त्याचा अहवाल येईपर्यंत गावातली चर्चा थांबलेली असते. तोवर ढाब्यावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण नव्या चित्रणाखाली पुसलं गेलेलं असतं. त्या मुलाबरोबर शेवटपर्यंत कोण होतं, त्याला कुठे उतरवलं, किती वाजता, हे पहिल्या दोन दिवसांत कुणी लेखी विचारलं नसेल तर नंतर चौघं मित्र चार वेळा सांगतात.