टिकणे हाच संस्कृतीचा निकष काय?

बी. एफ. स्किनर यांनी ‘बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी’ (१९७१) या ग्रंथात केलेली संस्कृतीची व्याख्या आमच्या वाचकांस प्रथमदर्शनी कोरडी वाटेल. संस्कृती म्हणजे कल्पनांचा वा मूल्यांचा साठा नव्हे. कोणत्या वर्तनास समाजाकडून कोणते फळ मिळेल हे ठरविणारी व्यवस्था म्हणजे संस्कृती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अनुकूल फळाने वर्तन दृढ होते. यासच वर्तनवादी प्रबलन म्हणतात.

सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा घ्या. मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी हे गाव विदर्भात प्रसिद्ध आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले सजविलेले नंदी घेऊन निघतात आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो. नंदीचा अर्थ त्या पोरांस कोणी विचारीत नाही. खाऊ, पैसे आणि कौतुक त्यांस पुरते. येथवर स्किनर आम्हांस मान्य आहेत. ‘आमची संस्कृती’ म्हणून छाती फुगविणाऱ्यांनी तर त्यांना अवश्य वाचावे.

परंतु खरा बैल मरतोही. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महारांकडे लावले होते. त्याचेही फळ ठरलेलेच होते : ओढल्यास मांस आणि बलुत्याचा वाटा, नाकारल्यास बहिष्कार. जात कशी टिकते, हे या हिशेबातून जितके स्वच्छ दिसते तितके पोथ्यांतून दिसत नाही.

मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्यास सांगितले. लोकांनी पदरचा तोटा आणि गावाचा रोष पत्करून ते सोडले. वर्तनवादी म्हणेल, आपल्या माणसांची शाबासकी हे नवे प्रबलन झाले. असेल, परंतु ज्याने पहिल्याने नकार दिला त्याच्यासाठी ती शाबासकी कोठे होती? आत अढळ असा कर्ता बसलेला नाही, हे स्किनर यांचे म्हणणे अनात्मवाद्यांस परके नाही. तथापि कर्ता नाही म्हणून चेतनेस कारणाचे स्थान नाही, असे होत नाही. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चेतनेसच कर्म म्हटले आहे, आणि ही चेतनाही प्रत्ययांवाचून उत्पन्न होत नाही. शील ग्रहण करताना आपण ‘समादियामि’ म्हणतो, ते कोणी बोजारा देईल म्हणून नव्हे.

आमचा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. संस्कृतीचे अंतिम मूल्यमापन ती टिकते की नाही यावरूनच होते, असे स्किनर मानतात. मग शतकानुशतके टिकलेली जातिव्यवस्था उत्तम संस्कृती ठरावयास हवी! हिंदू समाजाच्या दीर्घायुष्याचा असाच दाखला डॉ. राधाकृष्णन यांनी ‘द हिंदू व्ह्यू ऑफ लाइफ’मध्ये दिला होता. त्यांचा हेतू अर्थातच वेगळा होता. बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये १९३६ सालीच, म्हणजे स्किनर यांच्या ग्रंथापूर्वी पस्तीस वर्षे, त्याचा समाचार घेतला. समाज जगला की मेला एवढेच पाहून भागत नाही, तो कोणत्या पातळीवर जगला हे पाहावे लागते, अशी त्यांची भूमिका होती. लढून जिंकणाराही जगतो आणि माघार घेऊन शरण जाणाराही जगतो. या दोन जगण्यांना त्यांनी एका मापाने मोजू दिले नाही.