चौथ्या गटातल्या स्त्रिया

माझी पुतणी वसमतजवळच्या गावात आशा कार्यकर्ती आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीला चला, असे ती बायांना दारोदार सांगते. एकदा तिने विचारले, "काका, एकदा तपासलं की बाई वाचती का? मला लोकं विचारतात." मी डॉक्टर नाही. पण याचे उत्तर शोधणारी मोठी चाचणी आपल्याच मराठवाड्यात झाली, हे ठाऊक होते. शब्दकोश शेजारी ठेवून तिचा अहवाल वाचला.

ही चाचणी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय तिच्यात होते. अहवाल एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या समूहांचे चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला 'नेहमीची सेवा'.

अहवालाची जमेची बाजू मोठी आहे. किती गाठी सापडल्या यावर न थांबता किती स्त्रिया दगावल्या हे मोजले. ज्या तपासणीला आल्याच नाहीत, त्यांनाही आपापल्या गटातच धरले. त्यांना वगळले असते तर आकडे देखणे झाले असते, पण खोटे.

आता निष्कर्ष. विषाणू-तपासणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४ मृत्यू, चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे खरे. हजारी दोनाचे हजारी एक झाले, हेही तितकेच खरे. पहिले वाक्य ऐकून माणूस भारावतो, दुसरे ऐकून हिशेब करतो. चांगल्या अहवालात दोन्ही शेजारी-शेजारी हवीत.

उरलेल्या दोन तपासण्यांनी मृत्यू ठामपणे घटल्याचे दिसले नाही, आणि लेखकांनी ते लपवले नाही. मुंबईतील वस्त्यांत मात्र अॅसेटिक आम्लाच्या तपासणीच्या, दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. तिथे मृत्यू ३१ टक्के कमी झाल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उस्मानाबादेत तपासणी एकदाच होती. सरकारी कार्यक्रमात हीच आम्लाची तपासणी दर पाच वर्षांनी सांगितली आहे. म्हणून पुतणीला सांगितले, "एकदा करून भागतं, असं म्हणू नकोस. पुन्हा यायचं, हे सांग."

माझा आक्षेप 'नेहमीची सेवा' या शब्दांवर आहे. खेड्यात संघटित तपासणीची नेहमीची सेवा नव्हतीच. संशोधकांची बाजू अशी, की देशात जे नव्हते ते आम्ही हिरावले नाही. टीकाकार म्हणाले, तपासणीने जीव वाचतो हे जगाला आधीच माहीत होते. मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये यावर वाद झाला. तुलनेशिवाय उत्तर मिळत नाही, हे मला पटते. पण तुलनेसाठी ज्या स्त्रिया थांबल्या, त्यांच्याबद्दल सौम्य शब्द वापरणे पटत नाही. 'तपासणी केली नाही' असे सरळ लिहावे.

भारतात चाचण्यांची नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी चाचणीपूर्व नोंदणी सक्तीची केली. काय मोजणार हे आधीच लिहून द्यावे लागत असल्याने नंतर निकाल पाहून प्रश्न बदलणे अवघड झाले. आणखी दोन गोष्टींची सक्ती हवी : संमतीपत्राचा मूळ मराठी मजकूर अहवालासोबत छापावा, आणि निष्कर्ष त्याच गावांत, त्याच भाषेत वाचून दाखवावा.

पुतणीने हे सगळे ऐकून एवढेच विचारले, "मग त्या चौथ्या गटातल्या बायांना नंतर कोणी सांगितलं का?" प्रत्येक चाचणीच्या अहवालात या प्रश्नाचे उत्तर हवे.